आच्छादनाचा रंग आणि भाजीपाल्याचे पीक

कोल्हापूर जिल्हा म्हटला की ऊस, गूळ आणि साखर कारखाने यांचीच आठवण आधी होते. तथापि शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांत टोमॅटो, ढबू मिरची, वांगी, काकडी ही पिकेही घेतली जातात, आणि त्या शेतांतून गादीवाफ्यांवर ताणून बसविलेले चंदेरी पट्टे आता दृष्टीस पडतात. शेतकरी त्याला ‘मल्चिंग पेपर’ म्हणतो. वस्तुतः तो कागद नव्हे. पॉलिथिलिनची पातळ चादर होय. तिचा रंग कोणता असावा, हा प्रश्न मात्र बहुधा दुकानात जो माल शिल्लक असेल त्यावरच सुटतो.

जमीन झाकण्याची कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. उसाचे पाचट सरीत ठेवले म्हणजे ओल टिकते व तण दबते, हे जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक असते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट फुकट मिळते आणि कुजून जमिनीतच मिसळते; तरीही ते पेटवून देणारे शेतकरी आहेतच. पाचटाने जे होते त्यातील पुष्कळसे प्लास्टिकने होते. परंतु प्लास्टिक आणखी एक गोष्ट करते. पडलेल्या उन्हाचे काय करावयाचे, हे ते आपल्या रंगाप्रमाणे ठरविते.

काळा रंग प्रकाश शोषून घेतो व खाली जाऊ देत नाही. प्रकाशाअभावी तण वाढत नाही. अपवाद लव्हाळ्याचा, त्याचे टोकदार कोंब प्लास्टिक भेदून वर येतात. काळी चादर मातीला घट्ट चिकटलेली असेल तरच तिची ऊब खाली उतरते. मध्ये हवा राहिली तर चादरच तापत राहते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात छिद्राच्या कडेला टेकलेले कोवळे रोप भाजून निघते. हिवाळी लागवडीस मात्र हीच ऊब मुळांना मानवते.

पारदर्शक चादरीखाली माती याहूनही तापते, पण प्रकाश मिळाल्याने तणही वाढते. म्हणून तिचा खरा उपयोग पीक नसताना करावा. उन्हाळ्यात ओलवून सपाट केलेल्या जमिनीवर ती चार ते सहा आठवडे चोहोबाजूंनी मातीने दाबून ठेवली, तर वरच्या थरातील रोगकारक बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे पुष्कळसे बी नष्ट होते. इस्राएलचे शास्त्रज्ञ याकोव्ह काटान आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. रोपवाटिकेच्या वाफ्यांना ती विशेष उपयुक्त आहे.

वरून चंदेरी आणि खालून काळी अशी दुरंगी चादर आपल्याकडे सर्वाधिक रूढ झाली, ती उगाच नव्हे. काळी बाजू तण रोखते. चंदेरी बाजू ऊन परतवून माती थंड राखते, आणि हा परतलेला प्रकाश पानांच्या खालच्या बाजूने वर येत असल्यामुळे मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांना पिकावर उतरण्याची दिशा सापडत नाही. मिरचीचा चुरडा-मुरडा, टोमॅटोवरील विषाणूरोग यांचा प्रसार याच किडी करतात. झाडांनी वाफा झाकला की हा परिणाम ओसरतो. परंतु रोग कोवळ्या वयात जडला तर नुकसान सर्वाधिक होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत चंदेरी रंग राखण करतो.

तांबड्या रंगाची कथा अधिक कुतूहलाची आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात डेकोटो, कास्परबाउअर आणि हंट यांनी १९८९ मध्ये टोमॅटोवरील प्रयोग प्रसिद्ध केले. तांबड्या आच्छादनावरील झाडांनी पाला कमी आणि हंगामाच्या आरंभीची विक्रीयोग्य फळे अधिक दिली. पांढऱ्या व चंदेरीवर पाला अधिक, आरंभीची फळे कमी. वनस्पतीच्या अंगी फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. तांबडा आणि त्यापलीकडचा अतितांबडा प्रकाश यांच्या प्रमाणावरून झाड शेजारी दुसरे झाड आहे की नाही हे ताडते आणि आपले अन्न कोठे खर्चावयाचे ते ठरविते. पुढील काळात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या चाचण्यांत मात्र हा लाभ सारखा दिसला नाही. तेव्हा तांबडी चादर महाग मिळत असेल, तर आधी दोन वाफ्यांवर पाहावी. कृषी महाविद्यालयाचे मार्गदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणीच उपलब्ध आहे.

शिरोळच्या खारवट जमिनींना आच्छादनाचा थोडा आधार होतो. बाष्पीभवन घटल्याने खालचे क्षार वर चढण्याचा वेग मंदावतो. परंतु चादर म्हणजे निचरा नव्हे. पाणथळ जमिनीवरचा इलाज चर आणि भूमिगत निचरानळ्या हाच आहे.

आता एक हिशेब, जो अनुदानाचा अर्ज भरताना कोणी मांडीत नाही. दीड मीटर अंतरावरील वाफ्यांना एकरी सुमारे २,७०० मीटर लांबीची चादर लागते. रुंदी १.२ मीटर आणि जाडी २५ मायक्रॉन धरली, तर ते सुमारे ७५ किलो प्लास्टिक होते. एखाद्या गावात १०० एकरांवर आच्छादन असेल, तर एका हंगामाचे साडेसात टन. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या सूचनांत हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून निम्मे साह्य ठरविले होते. हे साह्य चादर अंथरण्याचे. ती उचलण्याची मजुरीही शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी खर्चात धरली पाहिजे.

पैसे वाचविण्यासाठी अतिपातळ चादर घेतली, तर काढताना तिच्या चिंध्या होतात. चीनमध्ये वर्षानुवर्षे अशी पातळ चादर वापरल्याने शिनच्यांगच्या कापूसशेतांत प्लास्टिकचे तुकडे साठले. अखेर २०१८ पासून तेथे किमान १० मायक्रॉन जाडीचे मानक लागू झाले. कोल्हापूरला आणखी एक धोका आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा व कृष्णा यांचे पाणी शेतांवरून गेले. पूररेषेतील वाफ्यांवर जुलैमध्ये जीर्ण चादर उरली असेल, तर ती खालच्या गावाच्या शेतात, नाहीतर नदीत जाणार.

बांधावर पेटवून देणे हा उपाय नव्हे. तो धूर घातक असतो. शेवटच्या तोडणीनंतर झाडे मुळासकट काढावीत, ठिबकच्या नळ्या गुंडाळाव्यात आणि माती किंचित ओलसर असताना कडा मोकळ्या करून चादर एका टोकाकडून उचलावी. चिखलाने माखलेले प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. वाळवून, झटकून, गुंडाळी करून दिलेले घेतो. ग्रामपंचायतीने बाजाररस्त्यालगत एक छपराची जागा नेमली आणि हंगामाअखेरीस भंगार व्यापाऱ्याचा दिवस ठरवून दिला, तर एकट्या शेतकऱ्याला न परवडणारी वाहतूक साऱ्या गावाच्या मालावर सहज निघते.