खिळा न दिसणारं कपाट : सांधा आत कसा लपवायचा?

आजचा विषय आहे कपाटाच्या फळ्या जोडण्याचा, आणि तोही बाहेरून खिळा, स्क्रू काहीच न दिसता. खिळा ठोकून वर पुट्टी भरली की दोन पावसाळ्यांत तिथे ठिपके उमटतात, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. खिळा लपवणं वेगळं आणि खिळ्याशिवाय सांधा करणं वेगळं.

सांधा निवडण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. लाकूड कोणतं? आणि हे कपाट पुढे कधी सुटं करावं लागेल का? भाड्याच्या घरात राहणाऱ्याने दुसरा प्रश्न तर विचारायलाच हवा. डिंकाने पक्कं केलेलं मोठं कपाट अरुंद जिन्यातून उतरत नाही. मग ते करवतीने कापावं लागतं किंवा तिथेच सोडून जावं लागतं.

समजा, कपाट कायमचं एका जागी राहणार आहे आणि प्लाय 18 मिलिमीटरचा आहे. अशा वेळी डोवेल सगळ्यात सोपा. डोवेल म्हणजे लाकडाची गोल खुंटी. 8 मिलिमीटर जाड, 30 मिलिमीटर लांब. उभ्या फळीच्या आतल्या बाजूला 12 मिलिमीटर खोल भोक आणि आडव्या फळीच्या कडेत 20. बेरीज 32 होते. ते 2 मिलिमीटर मुद्दाम जास्त ठेवायचे, डिंकाला जागा मिळावी म्हणून. ड्रिलच्या पात्याला 12 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे भोक आरपार जाणार नाही.

आता खरी गोम मोजमापात आहे. 18 चा म्हणून घेतलेला प्लाय बरेचदा थोडा पातळ निघतो. त्यामुळे जाडीचा मध्य शोधत बसू नका. वरची फळी दोन उभ्या फळ्यांच्या मधे बसते असं धरा. आडव्या फळीवर तिच्या वरच्या पृष्ठभागापासून 9 मिलिमीटर मोजा. उभ्या फळीवर वरच्या कडेपासून तेच 9. दोन्हीकडे माप दिसणाऱ्या बाजूने घेतलं की जाडीत फरक असला तरी वरचा सांधा सपाटच येतो.

दुसरा प्रकार बिस्किटचा. स्वित्झर्लंडच्या हर्मन स्टायनर यांनी 1950 च्या दशकात तो काढला, त्यातूनच लामेलो हे नाव पुढे आलं. बीच लाकडाची दाबलेली चपटी चकती असते ही. डिंकातलं पाणी पिऊन ती फुगते आणि खाचेत घट्ट बसते. खाच थोडी लांब असल्याने फळी जराशी मागेपुढे सरकवता येते. डोवेलमध्ये ती सवलत नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. पांढरा डिंक लाकडाला धरतो, सनमायक्याला नाही. आतून लॅमिनेट लावलेल्या फळीवर नुसता डिंक फासून उपयोग शून्य. सांधा येईल तेवढं लॅमिनेट काढा, नाहीतर मिनीफिक्स वापरा.

मिनीफिक्समध्ये उभ्या फळीत बोल्ट बसतो आणि आडव्या फळीत 15 मिलिमीटरची गोल चकती. स्क्रूड्रायव्हरने चकती फिरवली की ती बोल्टचं डोकं ओढून धरते. चकती फळीच्या खालच्या बाजूला ठेवली की समोरून काही दिसत नाही. सोबत डोवेल द्या, पण डिंक एकाच बाजूला लावा, म्हणजे कपाट पुन्हा खोलता येतं. पार्टिकल बोर्डात मात्र फार आवळू नका, भुसा सुटतो.

आणि सागवान? दाराच्या चौकटीला कुसू आणि खाच, पटाशीने केलेली, याला तोड नाही. पण चौकटीतली मधली फळी डिंकाने चिकटवू नका. कोकणातल्या पावसाळ्यात अस्सल लाकूड रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फळी खाचेत मोकळी राहिली तर हलेल, बांधून ठेवली तर तडकेल.

शेवटचं. डिंक लावण्याआधी सगळं कपाट एकदा कोरडं जुळवून बघा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर कपाट काटकोनात आहे. मग डिंक लावा, क्लॅम्प आवळा, पुन्हा कर्ण मोजा आणि चोवीस तास हात लावू नका. घाई तिथेच नडते.

तर मंडळी, भेटूया पुढच्या भागात. तोवर रंध्याला धार असू द्या!