नळी तडकते ती कशाने?



मी भाषेचा शिक्षक. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने इंजिनाच्या नळ्यांवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाची माझी तालीम शाळेत झालेली नाही. ती झाली हर्णैच्या बंदरात, माझ्या मामूंच्या लाँचवर.

मामू तांडेल होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर जात असे. एका मध्यरात्री खालून डिझेलचा उग्र वास आला. सहा सिलिंडरच्या इंजिनाची, नोझलला डिझेल नेणारी एक पोलादी नळी नटाच्या अगदी तोंडाशी तडकली होती आणि डिझेलचे धुके तापलेल्या सायलेन्सरच्या बाजूला उडत होते. मामूंनी झटकन इंजिन बंद केले म्हणून आज मी आपल्यासमोर उभा आहे. सकाळी दुसऱ्या लाँचने आम्हांला ओढून आणले. नवी नळी बसवली. आठव्या दिवशी तीही त्याच जागी तडकली! तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारले, "या नळ्यांवरची क्लिप कुठाय?" आधीच्या एका दुरुस्तीत ती काढली गेली होती. तिच्याशिवाय इंजिन चालू झाले, म्हणून ती पुन्हा कोणी लावलीच नाही.

मित्रांनो, क्लॅम्प नसला तरी इंजिन चालते, आणि सगळी फसगत इथेच होते. थोडा हिशेब करू. असे इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 30 फेरे आणि 90 स्फोट. बारा तासांच्या रात्रीत सुमारे 39 लाख हादरे! एका हादऱ्याने नळीला काही होत नाही. पण ती लाखो वेळा वाकली की जिथे सर्वांत जास्त ताण, म्हणजे नटाच्या तोंडाशी, तिथे बारीक तडा सुरू होतो आणि वाढत जातो.

आता आपली लाकडी पट्टी घ्या. टेबलाच्या कडेबाहेर 20 सेंटिमीटर काढून टिचकी मारा, मग 10 सेंटिमीटर काढून मारा. लांबी निम्मी केली की कंप साधारण चौपट जलद होतात. नळीचेही तसेच आहे. तिचा स्वतःचा कंप इंजिनाच्या कंपाशी जुळला तर ती झोपाळ्यासारखी झोके वाढवीत जाते. मधोमध एक क्लॅम्प आला की मोकळी लांबी निम्मी होते आणि नळीचा कंप इंजिनाच्या कंपापासून दूर जातो. म्हणून क्लॅम्प किती जाड यापेक्षा तो कुठे बसवला हे मी आधी विचारीन.

दुसरा प्रश्न, तो कशाला बांधला? नळीची दोन्ही टोके इंजिनावर असतील तर क्लॅम्पही इंजिनावरच हवा. इंजिन रबरी पायांवर डोलते, लाँचचा सांगाडा डोलत नाही. नळी इंजिनावर आणि क्लॅम्प सांगाड्यावर असे केले की दोघांच्या ओढाताणीत नळी मरते. इंजिनावरून बाहेर जावेच लागले तर मध्ये लवचीक होज किंवा वायरला सैल वळसा द्यावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लॅम्प लावावा.

पट्टी आणि नळी यांच्यामध्ये अस्तर लागते. नुसता पत्रा नळीला करवतीसारखा कापतो. आपल्याकडे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायची सवय आहे. मीही गुंडाळला आहे! परंतु साधे रबर डिझेलने फुगते, मऊ होते आणि पकड सुटते. तिथे नायट्रिल रबर हवे, फार उष्ण जागी सिलिकोनचे. मापही नेमके हवे: मोठ्या क्लॅम्पमध्ये नळी आतल्या आत घासते, लहानात चेपते. खाऱ्या हवेत रबराखाली पाणी साचून नळी गंजते, तेव्हा अधूनमधून क्लॅम्प काढून खाली पाहावे.

नळी वाकडी असली तर क्लॅम्पने ओढून जागेवर आणू नये; तो ताण कायमचा नळीत राहतो. क्लॅम्प सैल ठेवा, आधी टोकांचे नट आवळा, क्लॅम्प शेवटी. त्याच्या बोल्टला स्प्रिंग वॉशर पुरतो असे पुष्कळ मिस्त्री मानतात. गेरहार्ड युंकर यांनी 1969 साली प्रयोगांनी दाखवले की आडव्या हादऱ्याने नट आपोआप फिरून सुटतो. स्प्रिंग वॉशरचा तिथे फारसा भरवसा नाही. नायलॉनचा लॉक नट वापरा, फार गरम जागी पूर्ण धातूचा.

वायरींबद्दल थोडक्यात सांगतो. टोकाचा लग झाळला असेल तर झाळणे संपते तिथेच तार तुटते, म्हणून पहिला आधार लगच्या जवळ द्यावा. आणि वायर नळीवर कधीही टेकू देऊ नका. 11 डिसेंबर 2000 रोजी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात व्ही-22 ऑस्प्रे हे विमान पडून त्यातील चारही मरीन सैनिक ठार झाले. वायरींचा जुडगा हायड्रॉलिक तेलाच्या नळीवर घासून ती फुटली होती. संगणकाच्या कार्यक्रमातील दोषाने पुढे भर घातली. इतक्या महागड्या विमानात!

पालकहो, आपला ट्रक, टेंपो, पंप किंवा लाँच असेल तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर मुलांना घेऊन नळ्या पाहा. क्लॅम्पच्या कडेला काळी भुकटी किंवा चकाकणारा ओरखडा दिसला तर तिथे घासणे चालू आहे. बोल्टची भोके रिकामी दिसली तर तिथे काय होते ते मिस्त्रींना विचारा. मात्र चालू इंजिनावर गळती शोधताना बोट लावू नका. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि हात गमावण्याची वेळ येते. लांबून पुठ्ठा धरा, त्यावर ओल उमटते.