मतं वेगळी, काम एक

(पनवेल येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाविद्यालयांसाठी विवेकवाहिनीची कल्पना मांडली. तुमच्यातले काहीजण असे गट चालवतात. तक्रार एकच: आम्ही पाच-सातजणच, बाकी कुणी येत नाही.

आमचंही तेच होतं. पहिल्या वर्षी 'देव आहे का?' असा वादविवाद ठेवला. जिंकलो आम्हीच, पण पुढच्या बैठकीला एकही मुलगी आली नाही. उपास करणाऱ्या मुलींना वाटलं, इथे आपली टिंगल होते.

दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर पनवेलजवळच्या एका वाडीत होतं. आम्ही म्हटलं, आम्हाला वेगळं व्यासपीठ नको, एक काम द्या. काम ठरलं: साप-विंचू चावल्यावर काय करायचं, हे घरोघर सांगणं. माहिती विज्ञान मंडळानं जमवली. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन विंचूदंशाचे रुग्ण वाचवले, हे आम्हाला तेव्हा कळलं. घरांत गेल्या महिला कक्षाच्या मुली. त्यांत रोज पूजा करणाऱ्याही होत्या.

बाया त्यांना म्हणाल्या, "मांत्रिक शेजारी, दवाखाना लांब. रात्री गाडीचे पैसे कोण देणार? नवरा घरी नसला तर विचारायचं कुणाला?"

आम्ही जिला नुसती अंधश्रद्धा म्हणत होतो, तिच्यामागे बाईच्या हाती पैसा नसणंही होतं. एकट्यानं आम्हाला हे दिसलं नसतं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं. पण कायदा बाईला हात धरून दवाखान्यात नेत नाही. शिबिर संपण्याआधी वाडीतल्या बचत गटानं रात्रीच्या गाडीसाठी थोडे पैसे बाजूला काढले.

शिबिरात सकाळी प्रार्थना व्हायची. आम्ही म्हणत नव्हतो, हसतही नव्हतो. पण पाळी आलेल्या मुलीला "चुलीपाशी येऊ नकोस" म्हटलं गेलं, तेव्हा गप्प बसलो नाही. महिला कक्ष आमच्या आधी बोलला. त्या रात्री भाकऱ्या तिनंही थापल्या आणि सगळे जेवले.

तेव्हा कुठे सोडून द्यायचं आणि कुठे अडून बसायचं, हे दुसऱ्या मंडळाशी हात मिळवण्याआधीच ठरवा. ठरवताना मुली बैठकीत हव्यात. नुसत्या रांगोळीला आणि स्वागतगीताला नकोत. आणि पहिल्या भेटीत आपलं मत सांगू नका. विचारा, "तुमच्या कामात आम्ही काय करू?"