घरबसल्या धंदा आणि परगांवची परिषद

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



गेल्या दिवाळींत माझ्या धाकट्या बहिणीनें मला एक प्रश्न विचारला. तिचा मुलगा इंटरनेटवरील जाहिरातीचा व्यवसाय करतो. पुण्यांतील घराच्या एका खोलींत बसून तो दूरदूरच्या दुकानदारांना गिऱ्हाइकें मिळवून देतो. शोधयंत्रांत कोणाचें संकेतस्थळ वर दिसावें, कोणती जाहिरात कोणापुढें यावी, हें पाहणें हेंच त्याचें काम. त्यानें बंगळूर येथील एका परिषदेसाठीं प्रवेशमूल्य, प्रवास व मुक्काम मिळून बरीच मोठी रक्कम बाजूस काढली होती. बहीण म्हणाली, “दादा, याचा सारा धंदा घरबसल्या चालतो. मग चार व्याख्यानें ऐकायला इतक्या लांब जायचें कशाला? तीं घरीं ऐकतां येत नाहींत का?”

प्रश्न रास्त होता. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं तो आज निघत असेल, म्हणून त्याचें उत्तर आपणांपुढें मांडतों. केवळ व्याख्यानांचाच विचार केला, तर बहिणीची बाजू बळकट आहे. परिषदांतील पुष्कळ भाषणें मागाहून इंटरनेटवर मिळतात. घरीं तीं मध्येंच थांबवून, फिरून मागें नेऊन ऐकतां येतात, आणि सभागृहांतल्यापेक्षां अधिक चांगलीं समजतात. परंतु परिषदेचें खरें मोल व्यासपीठावर नसतें, तें व्यासपीठाखालीं असतें. तेथें माणसें एकमेकांस आपल्या चुका सांगतात.

हें जरा उलगडून सांगितलें पाहिजे. या व्यवसायांतील मनुष्य आपलें यश जगापुढें मांडतो, कारण तीच त्याची जाहिरात. गिऱ्हाइकाचा पैसा कसा वायां गेला, हें तो लिहीत नाहीं. लिहिलें तर उद्यां त्याच्याकडे कोण येईल? त्यांतून शोधयंत्रांचे सगळे नियम बाहेरच्या कोणासच ठाऊक नसतात. ते वारंवार बदलतात, आणि प्रत्येक बदलाची दवंडी पिटली जात नाहीं. ज्याला त्याला फक्त आपलेच आंकडे दिसतात. अशा स्थितींत घरीं एकट्या बसलेल्या माणसाला इतरांचें यश आणि स्वतःचें अपयश, एवढेंच काय तें दिसूं लागतें.

माझ्या भाच्याचें पूर्वीं असेंच झालें होतें. त्याच्या परवानगीनें ती हकीकत सांगतों. आईजवळ त्यानें ती तेव्हां काढली नव्हती. एका आठवड्यांत त्याच्या गिऱ्हाइकांच्या संकेतस्थळांवर येणारीं माणसें निम्म्यानें घटलीं. तीन महिने रात्र रात्र जागून तो आपली चूक शोधीत होता. दोन गिऱ्हाइकें सोडून गेलीं, आणि हा धंदा आपल्याला झेपणार नाहीं असें ठरवून त्यानें नोकरीचा अर्जही लिहून ठेवला. त्या सुमारास मुंबईंतील एका लहानशा संमेलनास तो गेला. जेवतांना शेजारच्या अनोळखी गृहस्थांनीं हलक्या आवाजांत विचारलें, “त्या आठवड्यांत तुमचेही आंकडे पडले का हो?” टेबलाशीं बसलेल्या पांचांपैकीं चौघांचे पडले होते. त्या चौघांनींही एकच युक्ति योजिली होती. केवळ गांवाचें नांव बदलून तोच मजकूर पन्नास पानांवर चढविला होता. पांचव्यानें तसें केलें नव्हतें, आणि त्याचें कांहींच बिघडलें नव्हतें. तीन महिने न सुटलेलें कोडें ताकभात संपण्याच्या आंत सुटलें. घरीं येऊन त्यानें तीं पानें काढून टाकलीं. गेलेलीं गिऱ्हाइकें परत आलीं नाहींत. पण नोकरीचा अर्ज त्यानें फाडला.

मोठमोठ्या जाणकारांसही हाच अनुभव आला आहे. संकेतस्थळांवरील दुव्यांना लावण्याची ‘नोफॉलो’ नांवाची एक खूण २००५ सालापासून प्रचारांत होती. ती लावली म्हणजे गूगल त्या दुव्याचें वजन धरीत नसे. चतुर मंडळी आपल्याच संकेतस्थळांतील बिनमहत्त्वाच्या दुव्यांना ही खूण लावीत; तेथें वांचलेलें वजन महत्त्वाच्या पानांकडे वळेल, अशी त्यांची समजूत. २००९ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं ‘एसएमएक्स अ‍ॅडव्हान्स्ड’ ही परिषद भरली. तेथें गूगलचे अभियंते मॅट कट्स यांच्याशीं झालेल्या प्रश्नोत्तरांतून उघड झालें कीं, तें वजन आतां कोठेंच वळत नाहीं, तें वायां जातें. आणि हा बदल होऊन वर्षाहून अधिक काळ लोटला होता! जो पाट केव्हांच बुजला होता, त्यांत पाणी वळविण्याचे श्रम जाणते लोक वर्षभर करीत होते.

या परिषदांचा उगमच मुळीं गप्पांत आहे. इंग्लंडांतील ‘ब्रायटन एसईओ’ या परिषदेस आज हजारों लोक जमतात. तिचा आरंभ एका मद्यगृहांत जमलेल्या थोड्या मंडळींपासून झाला. ‘पबकॉन’ या परिषदेनें तर आपलें तसलेंच मूळ नांवांत जपून ठेविलें आहे.

ओळखींचाही असाच उपयोग आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं अमेरिकेंत ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांस विचारलें कीं, ती बातमी देणारा मनुष्य तुम्हांला कितीदां भेटत असे? १९७३ सालच्या त्यांच्या निबंधाप्रमाणें वारंवार भेटणारे शेंकडा सुमारें १७ च निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित् भेटणारे. कारण उघड आहे. जवळच्यांस जें ठाऊक, तें आपणांसही बहुधा ठाऊक असतें. नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते.

मग पडद्यावर भेटून भागणार नाहीं काय? मेलानी ब्रक्स व जोनाथन लेव्हाव यांचे याविषयींचे प्रयोग २०२२ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना पडद्यावरून बोलणाऱ्या जोड्यांपेक्षां अधिक नव्या कल्पना सुचल्या. सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्याच्या कामीं मात्र पडद्यावरील जोड्या मागें पडल्या नाहींत. म्हणजे घरीं होण्यासारखें काम पुष्कळ आहे. सारेंच नाहीं, इतकेंच.

अर्थात् प्रत्येक परिषद जाण्याजोगी नसते. कित्येक ठिकाणीं व्याख्यान म्हणजे वक्त्याच्या मालाची जाहिरात असते, आणि ती ऐकण्यासाठीं जाहिरातदारच पैसे मोजतो! म्हणून भाच्याला मीं तीन गोष्टी सांगितल्या. जातांना आपले आंकडे आणि न सुटलेले दोन प्रश्न लिहून ने. ओळखीच्या कंपूंत न बसतां निदान एक जेवण अनोळखी माणसांबरोबर घे, आणि आधीं आपली चूक सांग, म्हणजे दुसरा आपली सांगेल; विश्वासानें सांगितलेलें मात्र चव्हाट्यावर मांडूं नकोस. परत आल्यावर आठ दिवसांत एक तरी गोष्ट करून पाहा, आणि ज्यानें ती सांगितली त्यास तिचें फळ कळव.

आपल्याकडील जुन्या सुभाषितकारांनीं चातुर्याच्या साधनांत ग्रंथवाचनाच्या जोडीला देशाटन आणि सभेंतील वावर यांचीही गणना केली, ती उगीच नव्हे. बहिणीला मीं शेवटीं इतकेंच म्हटलें, “त्याला जाऊं दे. व्याख्यानांसाठीं नव्हे, जेवणाच्या सुटीसाठीं.” आपल्या घरींही कोणी असें निघालें असेल, तर त्याला अवश्य जाऊं द्यावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.