फाईल ‘बाहेर’ गेल्याचा इशारा

क्लाउडमध्यें ठेवलेल्या कागदपत्रांसंबंधीं संस्थाचालकांना जे इशारे येतात, त्यांतील सर्वांत अधिक घाबरवून सोडणारा इशारा म्हणजे ‘आपली एक फाईल संस्थेबाहेरील व्यक्तीस उपलब्ध झाली आहे’ हा होय. शाळेचे मुख्याध्यापक, गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस, न्यासाचे विश्वस्त, किंबहुना ज्यांनीं आपलें दफ्तर लोखंडी कपाटांतून काढून गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स यांपैकीं कोठें तरी नेऊन ठेवलें आहे, अशा पुष्कळांना तो केव्हां ना केव्हां येतो. इशारा खरा असेल तर विद्यार्थ्यांचे घरचे पत्ते, सभासदांच्या बँकखात्यांचे क्रमांक किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका परक्याच्या हातीं पडण्याचा संभव असतो. परंतु यांतील बरेच इशारे खोटे ठरतात, आणि खोट्या इशाऱ्यानें होणारें नुकसानहि थोडें नसतें.

हा इशारा देणाऱ्या यंत्राला माणसें ओळखतां येत नाहींत. पत्ते तेवढे ओळखतां येतात. ई-मेलच्या पत्त्यांत ‘ॲट’ या चिन्हापुढें जो भाग असतो त्यास डोमेन म्हणतात. तो संस्थेचा असेल तर मनुष्य आंतला, नसेल तर बाहेरचा, एवढाच यंत्राचा विवेक. गणिताच्या शिक्षिकेनें रविवारीं घरीं बसून काम उरकावें म्हणून गुणतक्ता स्वतःच्याच घरगुती पत्त्यावर खुला केला, कीं तीच बाई यंत्राच्या दृष्टीनें परकी ठरते. एकाच न्यासाच्या शाळेचें डोमेन निराळें आणि महाविद्यालयाचें निराळें असेल, तर एका इमारतीच्या दोन मजल्यांमधील व्यवहार परदेशगमन समजला जातो. लेखापरीक्षक हे दरवर्षींचे पाहुणे, तरी त्यांच्या नांवानें दरवर्षीं नवा इशारा येतोच. ‘शिक्षकवर्ग’ अशा सामायिक पत्त्यावर फाईल धाडली आणि त्या समूहांत एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकांचा खाजगी पत्ता राहून गेलेला असला, म्हणजे धाडणाऱ्याच्या स्वप्नींहि नसलेला मनुष्य यादींत येतो. हा शेवटचा इशारा मात्र खोटा म्हणतां येणार नाहीं. तो अर्धा खरा आहे.

दुसऱ्या प्रकारचे इशारे फाईलीच्या आंतील मजकूर पाहून दिले जातात, व त्यांतील गफलत अधिक मनोरंजक आहे. आधार क्रमांक बारा अंकी असून त्याचा शेवटचा अंक व्हरहोफ या डच गणितज्ञाच्या रीतीनें आधींच्या अकरा अंकांवरून ठरतो. पैसे देण्याच्या कार्डांवरील क्रमांकास लून यांची रीत लावतात. ती इतकी सोपी आहे कीं सातवींतला मुलगा पाटीवर करून दाखवील. लांब आंकडा दिसला कीं यंत्र हा ताळा घेऊन पाहतें. पण ताळ्याचा अंक दहांपैकीं एक असावयाचा, त्यामुळें कोणताहि भलताच आंकडा सरासरीनें दहांतून एकदां ताळ्यास उतरतो. फीच्या पावत्यांचे सोळा अंकी हजार क्रमांक एका तक्त्यांत असतील, तर त्यांतील शंभराच्या आसपास कार्डाचे क्रमांक म्हणून उभे राहतील. चांगलीं यंत्रें आरंभींचे अंक व शेजारचे शब्दहि तपासतात. तरी तींहि फसतात.

येथें थोडें अंकगणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. समजा, एका मोठ्या संस्थेनें एक लाख फाईली वांटल्या आहेत आणि त्यांत खरोखर धोक्याच्या शंभरच आहेत. यंत्र असें हुशार कीं शंभरांतील नव्याण्णव धोके तें पकडतें आणि निर्दोष फाईलींपैकीं शेंकडा एकीवरच चुकून बोट ठेवतें. तरीहि निर्दोष ९९,९०० फाईलींतून ९९९ खोटे इशारे निघतील आणि खरे निघतील ९९. म्हणजे सुमारें अकरांत एक खरा. यंत्र वाईट आहे म्हणून हें होत नाहीं. धोका विरळ आहे म्हणून होतें. विकणाऱ्याच्या ‘नव्याण्णव टक्के’ या शब्दांवर भुलणारांनीं हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा.

मोठमोठ्या कंपन्यांनाहि हें चुकलेलें नाहीं. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं गूगलच्या प्रणालींत केलेल्या एका फेरबदलामुळें कांहीं निरुपद्रवी दस्तऐवज नियमभंगाचे ठरले व त्यांच्या मालकांनाच ते उघडतां येईनात. जानेवारी २०२२ मध्यें तर अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या एका अध्यापिकेची फाईल गूगल ड्राइव्हनें स्वामित्वहक्काचा भंग करणारी ठरविली. त्या फाईलींत ‘१’ या एका अंकापलीकडे कांहीं नव्हतें! एक या अंकावर स्वामित्व कोणाचें, हें यंत्रानें सांगितलें नाहीं.

असे इशारे वारंवार येऊं लागले म्हणजे कांहीं जण कंटाळून ते पाहणेंच सोडतात. २०१३ च्या नोव्हेंबरांत टार्गेट या अमेरिकन दुकानदार कंपनीच्या संगणकांत चोर शिरले, तेव्हां पहाऱ्यावरील यंत्रानें इशारा दिला होता आणि बंगळूर येथील तिच्या माणसांनीं तो मिनिआपोलिसला कळविलाहि होता. त्यावर वेळीं हालचाल झाली नाहीं, व सुमारें चार कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली.

दुसरा प्रकार याच्या उलट, आणि लहान संस्थांत तोच अधिक क्लेशकारक. प्रश्नपत्रिका ‘बाहेर’ गेली असें फोनवर उमटतें, धाडणारा म्हणून लिपिकाचें नांव असतें, आणि दुपारपर्यंत ती वार्ता शिक्षकांच्या खोलींतून चहाच्या दुकानापर्यंत जाते. सायंकाळीं उलगडतें कीं तो बाहेरचा पत्ता छापखान्याचा होता व मुख्याध्यापकांनींच तो दिला होता. तोंवर वीस वर्षें इमानानें काम केलेल्या त्या माणसाकडे दिवसभर लोकांनीं कोणत्या नजरेनें पाहिलें, हें तो विसरत नाहीं. त्याच्या घरचीं माणसेंहि विसरत नाहींत.

म्हणून इशारा आला असतां पत्रांतील लिंकवर बोट न ठेवतां प्रथम ड्राइव्ह स्वतः उघडावा. इशाऱ्याचें किंवा निमंत्रणाचें सोंग घेऊन येणारीं पत्रें असतात. ३ मे २०१७ रोजीं ‘गूगल डॉक्स’ असें नांव धारण केलेल्या एका बनावट ॲपनें फाईल वांटल्याचें निमित्त करून पुष्कळांकडून त्यांच्या पत्रपेटीची परवानगीच मागून घेतली होती.

नंतर फाईल कोणती, कोणास, कोणत्या अधिकारानें व केव्हांपासून खुली आहे, हें पाहावें. नुसतें वाचण्याचा अधिकार निराळा आणि फेरफाराचा निराळा. एका नामनिर्दिष्ट व्यक्तीस दिलेली परवानगी आणि ‘लिंक असलेल्या कोणासहि’ ही परवानगी यांत तर जमीनअस्मानाचें अंतर आहे. या दुसरीचा इशारा कधींहि क्षुल्लक समजूं नये; ती लिंक व्हॉट्सॲपवरून कोठवर पोंचली हें सांगणें कठीण. शिवाय फाईल खुली होणें म्हणजे ती कोणी उघडणें नव्हे. संस्थेच्या खात्यांत व्यवस्थापकांस पाहण्यासाठीं नोंदी असतात, त्या पाहाव्या.

मग ज्यानें फाईल वांटली त्यालाच विचारावें; लेखी ज्ञापन देऊन नव्हे, एकांतांत किंवा फोनवर. बहुधा येथेंच उलगडा होतो. तोंवर चैन नसेल तर परवानगी तात्पुरती काढून घ्यावी. ती परत देण्यास दोन मिनिटें पुरतात. फाईल पुसून टाकण्याचा उतावीळपणा मात्र करूं नये, कारण त्यानें चौकशीचें साधनच जातें. परवानगी काढली तरी आधींच उतरवून घेतलेली प्रत परत येत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. लोकांची खाजगी माहिती खरोखरच बाहेर गेली असेल, तर संबंधित व्यक्तींना व मंडळास कळविण्याचें कर्तव्य २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमांत सांगितलें आहे. तें प्रकरण दडपून ठेवण्याचें नव्हे.

इशारा खोटा ठरला म्हणजे बटण दाबून सगळे इशारे बंद करण्याचा मोह होतो. त्याऐवजीं कारण दुरुस्त करावें. संस्थेचें दुसरें डोमेन विश्वासाच्या यादींत घालावें; लेखापरीक्षकांस, सोय असेल तेथें, मुदतीची परवानगी द्यावी; आणि एका साध्या वहींत तारीख, फाईल, पत्ता व निघालेलें कारण टिपून ठेवावें. एकच कारण त्या वहींत पुनःपुन्हां दिसूं लागलें, तर नियमच बदलावयास हवा. श्रोत्यांपैकीं ज्यांच्याकडे अशी जबाबदारी असेल, त्यांनीं जूनमध्यें शाळा उघडतांना समूहांच्या याद्याहि एकदां वाचून काढाव्या. नोकरी सोडून गेलेल्यांचीं नांवें बहुधा तेथेंच सांपडतात.