हिशेबनीसाचे शिक्षण पुरे कधी होते?

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज ज्या गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, त्यांत सनदी लेखापालाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेली मुले व मुली आहेत. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. मघाशी एका माउलीच्या तोंडून उद्गार ऐकला, “सुटला एकदाचा अभ्यासातून!” तो उद्गार वात्सल्याचा होता, परंतु तो खरा नाही, आणि का खरा नाही एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

एके काळी रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद ह्यांचे ज्ञान मुलाला वडिलांच्या शेजारी बसून मिळे आणि ती शिदोरी जन्मभर पुरे. आता ते दिवस राहिले नाहीत. मी १९८९ साली परीक्षा उत्तीर्ण झालो, तेव्हा तीन कायदे जवळजवळ तोंडपाठ होते : १९५६ चा कंपनी कायदा, १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आणि १९६१ चा प्राप्तिकर कायदा. पहिल्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. दुसऱ्याच्या जागी २००५ साली मूल्यवर्धित कर आला आणि त्यावर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. तिसऱ्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा झाला. त्याच्या अंमलाचा दिवस १ एप्रिल २०२६. ज्या पुस्तकांच्या बळावर मला सनद मिळाली, त्यांपैकी एकही आता चालू व्यवहाराला पुरत नाही.

म्हणूनच १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आमच्या संस्थेने निरंतर शिक्षणाचा नियम घातला आहे. साठीच्या आतील व्यवसाय करणाऱ्या सभासदाने तीन वर्षांत १२० तास अध्ययन केले पाहिजे. त्यांपैकी निदान ६० तास संस्थेने मान्य केलेल्या वर्गांत व परिषदांत. आम्ही हिशेबी माणसे, म्हणून हिशेब करून पाहू : आठवड्याला सुमारे पाऊण तास! एवढाही वेळ जड वाटावा, हे आश्चर्य नव्हे काय?

परंतु मला तो जड वाटत होता, ही गोष्ट आज मी आपणांपुढे कबूल करतो. २०१९ च्या उन्हाळ्यात वस्तू व सेवा करावरील एका व्याख्यानास मी गेलो, हजेरीपटावर सही केली आणि चहाच्या सुटीत निघून आलो. तास नोंदले गेले. ज्ञान मात्र तेथेच राहिले. २०१८-१९ च्या खरेदी-बिलांवरील कराची वजावट सप्टेंबर २०१९ च्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंतच घेता येते, हा मुद्दा त्याच दिवशी दुपारी सांगितला गेला होता. माझ्या एका जुन्या अशिलाचे लहानसे भांड्यांचे दुकान. त्याची काही बिले नोंदावयाची राहिली होती, हे मला नोव्हेंबरात उमगले. त्रेचाळीस हजार रुपयांची वजावट बुडाली. तो गृहस्थ रागावला नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, मी तुमच्यावर विसंबून होतो.” मी ती रक्कम माझ्या पदरची भरून दिली, पण त्या वाक्याची भरपाई मला आजवर करता आलेली नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. कोणतेही व्याख्यान ऐकले वा परिपत्रक वाचले, की त्यात दोनच गोष्टी लिहितो : नियम काय बदलला, आणि माझ्या कोणत्या अशिलाला तो लागू पडतो. दुसरा रकाना कोरा राहिला, तर आपले वाचन अपुरे झाले असे मी समजतो. तरुण मित्रांनो, तासांची मोजणी संस्था करील. समजले किती, ह्याचे लेखापरीक्षण ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

घरच्या मंडळींनाही विनंती आहे. रविवारी सकाळी सून किंवा मुलगा पुस्तक उघडून बसला, तर “आता कसला अभ्यास?” असे म्हणू नये. त्या एका तासावर कोणाचे तरी दुकान, कोणाची तरी आयुष्याची पुंजी अवलंबून असते.

शेवटी एक सूचना. आपल्या कार्यालयाचे सभागृह महिन्यातील बहुतेक रविवारी मोकळे असते. त्यांतील एका रविवारी दोन तासांचे अभ्यासमंडळ चालवावे. लेखापालांनी यावेच, ज्ञातीतील दुकानदारांनी आणि गृहनिर्माण संस्थांच्या खजिनदारांनीही यावे व शंका विचाराव्यात. वर्षभर येण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो, आणि चहाच्या सुटीत निघून जाणार नाही, असे वचनही देतो.

आमच्या संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातून घेतलेले आहे. इतर निद्रिस्त असताना जो जागा राहतो तो, असा त्याचा आशय. अशिलाने निश्चिंत झोपावे, म्हणून आम्ही जागे राहावयाचे. हे जागेपण सनदेबरोबर मिळत नाही. ते रोज नव्याने मिळवावे लागते.