सांध्यांचे कोन आणि विजेची मोजपट्टी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





विज्ञानावर चार शब्द बोलावेत अशी संस्थेने मला आज्ञा केली. विज्ञान म्हटले की अग्निबाण, उपग्रह, चंद्र अशा दूरदूरच्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. मी आज आपल्याला इतके दूर नेणार नाही. आपल्या स्वतःच्या कोपरापर्यंत आणि गुडघ्यापर्यंतच नेणार आहे.

प्रत्येकाने आपला उजवा हात सरळ सोडावा आणि मग कोपरात वाकवून बोटे ओठांना लावावीत. घास घेताना करतो तसे. आता सांगा, कोपर किती अंशांतून वाकले? सरळ हात म्हणजे शून्य धरला, तर घास तोंडाशी नेण्यास कोपर सुमारे १३० अंश वाकावे लागते. निरोगी कोपर त्याहून थोडे अधिक, साधारण १४५ ते १५० अंशांपर्यंत जाते. ही देणगी आपण दिवसातून शंभर वेळा वापरतो. पण ती हरवल्याखेरीज तिची किंमत कळत नाही.

ती कशी कळली, ते सांगतो. आमच्या शेजारच्या चाळीत पाचवीत शिकणारा एक मुलगा पोटमाळ्याच्या शिडीवरून पडला आणि कोपरापाशी हाड मोडले. प्लास्टर निघाले तेव्हा कोपर आखडलेले होते. घरच्यांनी काळजीपोटी मालिशवाल्याला बोलावले. त्याने गरम तेल लावून हात जोराने ओढला. सूज आली आणि कोपर आणखी ताठरले. पालकांनो, हे नीट लक्षात ठेवा. कोपराच्या ताज्या दुखापतीनंतर सांधा चोळला वा जबरदस्तीने ओढला, तर भोवतालच्या स्नायूंत हाड धरू शकते. मग तो सांधा सुटणे फार कठीण होते. या मुलाचे नशीब बलवत्तर, तेवढे झाले नाही.

पुढे त्याला इस्पितळात व्यायामोपचार सुरू झाले. मुलाने स्वतः, आपल्याच बळाने हात हलवायचा, रोज ठरावीक वेळा. तीन आठवड्यांनी त्याची आई आमच्या घरी आली व म्हणाली, "भाईजान, काही फरक नाही. रोज रिक्षा, रोज अर्धा दिवस मोडतो. मला कामाचे खाडे परवडत नाहीत. आता बंद करते."

मी विचारले, "पहिल्या दिवशी किती अंश होते?" तिने कागद दाखवला. ८४ अंश. माझ्याकडे कोनमापक होते. मुलाला बसवून मोजले. ९३ भरले. दुसऱ्या दिवशी इस्पितळातील ताईंनीही मोजले. त्यांनाही तेवढेच दिसले.

नऊ अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा दीड मिनिटात सरकतो तेवढे. तीन आठवड्यांत तेवढे, म्हणजे दिवसाला अर्धा अंशसुद्धा नाही. रोज पाहणाऱ्या आईच्या डोळ्यांना ते दिसणे शक्यच नव्हते. तिची चूक नव्हती. तिच्याजवळ माया होती, कष्ट होते, फक्त आकडा नव्हता. आम्ही भिंतीवर आलेखाचा कागद लावला आणि मुलगा दर शुक्रवारी त्यावर एक ठिपका देऊ लागला. उपचार थांबले नाहीत. पाच महिन्यांनी कोपर १२८ अंशांपर्यंत आले. त्याचा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. पण तो आपल्या हाताने जेवतो आणि आपल्या हाताने डोक्यावर टोपी घालतो.

मित्रहो, माझ्या आजच्या भाषणाचे सार इतकेच आहे. सावकाश होणारी सुधारणा डोळ्याला दिसत नाही, मापाला दिसते. आणि जे दिसत नाही ते माणूस अर्ध्यावर सोडून देतो.

आता हे माप घेतात कसे? कुर्ल्याला मापाची ओळख नवी नाही. इथल्या स्वदेशी मिलमध्ये आणि पद्मिनी मोटारी बनवणाऱ्या प्रीमियरच्या कारखान्यात आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी, आजोबांनी घाम गाळला. ते कारखाने आता बंद झाले. पण गुण्या, ओळंबा आणि पाणसळ ही हत्यारे पुष्कळांच्या घरी अजून असतील. शरीराचे कोन मोजण्याचे साधन याच घराण्यातले. त्याला गोनिओमीटर म्हणतात. ग्रीक भाषेत गोनिया म्हणजे कोन. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या की झाले. एक पट्टी दंडावर, दुसरी मनगटाकडे, खिळा कोपराच्या आसावर.

हे साधन स्वस्त व उपयुक्त आहे. पण दोन माणसांनी एकच सांधा मोजला तर पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. शिवाय ते स्थिर सांधाच मोजते. माणूस चालत असताना गुडघ्याबरोबर पट्टी धरून कोण धावणार? म्हणून विजेची मदत घ्यावी लागली.

१९५९ साली अमेरिकेत पीटर कारपोविच यांनी विजेवर चालणाऱ्या गोनिओमीटरची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची युक्ती ऐकाल तर आपल्याला हे का सुचले नाही असे वाटेल. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याची खुंटी तुम्ही पाहिली आहे. खुंटी फिरवली की आतला विजेचा अडथळा बदलतो. कारपोविच यांनी अशीच खुंटी दोन पट्ट्यांच्या बिजागरीत बसवली. सांधा वाकला की खुंटी फिरते आणि विजेचा दाब बदलतो. दाब मोजला की कोन कळला.

हिशेब सहावीतला आहे. समजा, खुंटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३०० अंश फिरते आणि तिला ५ व्होल्ट दिले आहेत. मग १ व्होल्ट म्हणजे ६० अंश. ९० अंशांना दीड व्होल्ट, ९३ अंशांना १.५५ व्होल्ट. साधे मीटरसुद्धा हा फरक दाखवते. अशाच विद्युत गोनिओमीटरने अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मोरी आणि सहकाऱ्यांनी ३३ निरोगी माणसांची कोपरे रोजच्या १५ कामांत मोजली. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष डॉक्टर आजही वापरतात : कोपर ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत फिरले, तर रोजची बहुतेक कामे होतात. त्या मुलाचे १२८ अंश मला एवढे मोलाचे का वाटले, ते आता ध्यानात येईल.

त्यानंतर साधने बदलली. वाकवली की जिचा अडथळा बदलतो अशी लवचीक पट्टी आली. ती बोटांच्या सांध्यांनाही लावता येते. अलीकडची साधने तर तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येच आहेत. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मावणारा त्यातला एक सेन्सर म्हणजे विजेचा ओळंबा. पृथ्वीचे आकर्षण कोणत्या दिशेला आहे ते तो सांगतो. मोबाइल आडव्या पातळीपासून ३० अंश तिरपा केला, तर त्याच्या लांबीच्या दिशेने आकर्षणाचा बरोबर अर्धा भाग जाणवतो, कारण ३० अंशांचा साइन अर्धा. दहावीच्या मुलांनो, परीक्षेपुरता पाठ केलेला तो कोष्टक असा इथे कामाला येतो! एक सेन्सर दंडावर आणि एक मनगटाजवळ बांधला, हात एकाच उभ्या पातळीत सावकाश हलवला, तर दोघांच्या कलांतील फरक म्हणजे कोपराचा कोन.

पण हात झटक्याने हलला की ओळंबा हेलकावतो आणि माप चुकते. म्हणून सोबत दुसरा सेन्सर असतो, जायरोस्कोप. तो फिरण्याचा वेग मोजतो. क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज केली की कोन मिळतो. याचाही एक दोष आहे. दुकानाच्या वहीत रोज पाच पैशांची चूक राहिली तर वर्षअखेर हिशेब जुळत नाही, तशी त्याची बारीक चूक साठत जाते. मग ओळंबा जायरोस्कोपची साठलेली चूक काढतो आणि जायरोस्कोप ओळंब्याचे हेलकावे सावरतो. दोघे मिळून खरे सांगतात. माणसांनीही हे शिकण्यासारखे आहे.

आता त्या साइनची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीत आपल्या सर्वांचा वाटा आहे. आर्यभटाच्या गणितात या राशीला ज्या म्हणत. ती अरबी विद्वानांकडे गेली तेव्हा तिचे जीब झाले. अरबी लिखाणात स्वर नेहमी लिहीत नाहीत, म्हणून पुढे ते जैब असे वाचले गेले. आपण खिशाला जेब म्हणतो, तोच हा शब्द. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा अर्थ घेऊन सायनस केले, त्याचे साइन झाले. अकराव्या शतकात अल्-बिरुनी यांनी पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली दिसते तो कोन मोजला आणि डोंगराची उंची व तो एक कोन यांवरून पृथ्वीची त्रिज्या काढली. ज्ञान कोणा एका कौमेचे नसते. ते हातोहात चालत येते. घेणारा हात मात्र पुढे करावा लागतो.

तो हात आपण का पुढे करावा, याचे कारण आपल्या घरातच आहे. चालताना गुडघा सुमारे ६० ते ६५ अंश वाकतो. खुर्चीवरून उठायला शंभराच्या आसपास अंश पुरतात. ज्यांचे जीवन खुर्चीवर व पलंगावर जाते, त्यांचे तेवढ्यावर भागते. पण आपण जमिनीवर बसून जेवतो, उकिडवे बसून कपडे धुतो. नमाजमध्ये सजद्यानंतर पाय मुडपून बसतो, तेव्हा गुडघा १४० अंशांच्याही पुढे वाकतो. आजाऱ्याला बसून, तेही न जमल्यास इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत धर्माने दिली आहे, हे खरे. तरीही गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एखादी दादी विचारते, "बेटा, मला पुन्हा जमिनीवर बसता येईल का?" तेव्हा तिला उत्तर देण्यासाठी कोणीतरी तिचे बसणे अंशांत मोजलेले असावे लागते.

आपल्या देशात असे झाले आहे. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट बनवला तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे व मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्माजी फारसे शिकलेले नव्हते, पण आपली माणसे कशी बसतात हे त्यांना माहीत होते.

विद्यार्थी मित्रांनो, या शिक्षणाची दारे लांब नाहीत. देशातील भौतिकोपचाराची पहिली शाळा १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. हाजीअलीला अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. तिथे कृत्रिम अवयव व आधारसाधनेही बनतात. पवईची आय. आय. टी. १९५८ ची. कुर्ल्याहून या तिन्ही ठिकाणी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना भौतिकोपचाराचा मार्ग आहे; गणित व यंत्रांची आवड असणाऱ्यांना साधने बनवण्याचा. पालकांना माझी खास विनंती आहे की मुलींना या विद्येपासून अडवू नका. आपल्या आया-बहिणी दुखरा गुडघा परक्या पुरुषाला दाखवायला संकोचतात आणि दुखणे अंगावर काढतात. त्यांच्यासाठी आपल्यातली एक शिकलेली मुलगी फार मोठा आधार ठरेल.

शाळेत हे साधन करून पाहायचे असेल तर एक खुंटी, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, बांधायला पट्टे आणि एक मीटर एवढे पुरते. मात्र तीन पथ्ये पाळा. पहिले, वीज फक्त बॅटरीची. घरच्या विजेला जोडलेली तार अंगाला कधीही लावू नका. दुसरे, साधन आधी कोनमापकावर ०, ३०, ६०, ९० अंशांवर पारखून घ्या आणि खुंटी दरवेळी सांध्याच्या आसावरच बांधा. जागा चुकली तर उत्तम यंत्रही खोटे बोलते. तिसरे, यंत्र मोजते, बरे करीत नाही. कोपर किती वाकवायचे ते डॉक्टर व भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवतील. आकडा वाढवण्याच्या हौसेने कोणाचा हात ओढू नका.

शेवटी एकच सांगतो. वर्गात मागे पडलेले मूलही त्या आखडलेल्या कोपरासारखेच असते. आपण रोज पाहतो आणि म्हणतो, काही फरक नाही. रागाने ओढले तर ते आणखी ताठरते. त्याला धीराने रोज थोडे हलू द्या आणि कालच्यापेक्षा ते किती पुढे आले याची खूण भिंतीवर करून ठेवा. दुसऱ्याच्या मुलाशी माप लावू नका. त्याचे कालचे माप हेच त्याचे माप.